फुप्फुसासाठी दुंब्याचा अर्क

३ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील की सुरुवात नेमकी कधी झाली, तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

निश्चय: व्हेपच्या लिक्विडचे फ्लेवर घरच्या घरी बनवायचे. बाजारात पोरं जे ओढत हिंडतात ते सगळं बाहेरचं. आंबा, ब्लूबेरी, आणि एका बाटलीवर चक्क 'युनिकॉर्न'. जो प्राणी कोणी पाहिला नाही त्याची चव लोक ओढतात, आणि आमच्या मर्गिलान शहराचं खरबूज बिचारं फक्त खाल्लं जातं. हा अन्याय मी दूर करणार.

सोळा वर्षं तोलिब-अकांच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. तोलिब-अका म्हणजे माझी बायको मुहाय्यो हिचे थोरले भाऊ; 'अका' म्हणजे दादा. दुकान त्यांचं, ज्ञान माझं. ग्लिसरीन आहे, ड्रॉपर आहेत, छोट्या बाटल्या आहेत. कमी होती ती फक्त दृष्टीची.

मुहाय्योला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही तर ओढतही नाही." बायको म्हणून तिचा पहिला शब्द हा. मी ओढत नाही कारण माझी जीभ नाजूक आहे. एकदा ओढून पाहिलं होतं, अर्धा तास खोकलो, मग उलटी. इतकी संवेदनशील जीभ हजारात एखाद्याला असते.

६ सप्टेंबर
खरबूज किसलं, आटवलं, गाळलं, ग्लिसरीनमध्ये घातलं. रंग सोन्यासारखा. वास अप्रतिम.

७ सप्टेंबर
बाजारातल्या एका पोराच्या व्हेपमध्ये भरून पाहिलं. कॉइल जळाली. खरबुजात साखर असते, ती जळते. हे मला आधीच माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. पोरगा नवीन कॉइल मागत होता. मी त्याला सांगितलं की प्रयोगात सहभागी होणं हाच मान असतो. पोराला संस्कार नाहीत.

१० सप्टेंबर, रविवार
आज आमची 'गप', म्हणजे मित्रांची मासिक बैठक, नुमोनकडे. शाळा सुटल्यापासून आम्ही सात जण महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी जमतो. तेच चेहरे, तोच पुलाव. खरबुजाची सुधारित बाटली नेली होती. (दुप्पट गाळलेली.) नुमोन खाटीक आहे. त्याने एक झुरका घेतला आणि म्हणाला, "इसोमिद्दीन, सासूच्या स्वयंपाकघराला आग लागली की असाच वास येत असणार. तुला मजा वाटते म्हणून आम्ही का खोकायचं रे?" सगळे हसले. खाटकाकडून चवीची अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

हसला नाही तो एकटा सैदोलिम. आमच्या समोरच्याच घरात राहतो. लग्नात कर्णा वाजवतो. माणसाहून लांब पितळी कर्णा, आभाळाकडे तोंड करून फुंकायचा. पूर्वी त्याने फुंकला की पलीकडच्या मोहल्ल्यातले कुत्रे भुंकायचे. आता दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आणि वसंतापासून खोकला.

तो म्हणाला, "यार, बावीस ऑक्टोबरला दुर्दोनाचं लग्न आहे. वीस वर्षं लोकांच्या पोरी वाजवून सासरी पाठवल्या. माझ्या पोरीला भाड्याचा कर्णेवाला पाठवणार का? पण दम पुरत नाही रे. तू औषधवाला आहेस, काहीतरी कर."

सगळ्यांसमोर म्हणाला. औषधवाला.

११ सप्टेंबर
नवा निश्चय: सैदोलिमला सिगारेटवरून माझ्या व्हेपवर आणायचं. माणूसही वाचेल, मालाचीही परीक्षा होईल.

२० सप्टेंबर
तुळशीचा अर्क दिला. त्याच्या मते गवत जळल्याची चव आहे. पण गेले सहा दिवस एकही सिगारेट नाही! होसियत, म्हणजे त्याची बायको, ताटभर समोसे घेऊन आली. म्हणाली, "इसोमिद्दीन-अका, रात्रीचा खोकला अर्ध्यावर आला. तुमच्या हातांना यश आहे."

समोसे भोपळ्याचे होते. मुहाय्यो म्हणाली, "झालं ना त्याचं सिगारेट सोडून? आता ही वाफही हळूहळू सोडायला सांगा आणि गप्प बसा." माझं कौतुक झालं की हिच्या पोटात दुखतं.

२४ सप्टेंबर
सैदोलिमने अंगणात कर्णा काढला. चार श्वास सलग फुंकले. गल्लीत लोक बाहेर आले. मी दारात उभा राहून मान डोलवत होतो, म्हणजे हे कोणामुळे ते लोकांना कळावं. दोघांना कळलं नाही, त्यांना सांगावं लागलं.

पण चारच श्वास. लग्नात दहा लागतात.

२७ सप्टेंबर. सकाळी ७
आज दात घासताना सुचलं. लहानपणी खोकला झाला की आई काय करायची? दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी वितळवून गरम दुधातून पाजायची आणि उरलेली छातीला चोळायची. सगळं मर्गिलान असंच वाढलं. छातीला दुंबा, हे इथलं मांजरसुद्धा सांगेल.

पण आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही की पोटात गेलेल्या चरबीला छातीपर्यंत पोचायला केवढा फेरा पडतो! आतडी, रक्त, वाटेत यकृत. पोचेपर्यंत तिच्यात राहतं काय? मी तिला थेट रस्ता काढून देणार. व्हेपमधून सरळ फुप्फुसात.

पेस्ट शर्टावर सांडली.

२८ सप्टेंबर
नुमोनकडून अर्धा किलो चरबी आणली. म्हणाला, "पुलाव का?" मी म्हटलं, औषध. म्हणाला, "कोणाला मारतोस?" खाटकी विनोद.

मुहाय्योची कढई घेतली. चरबी मंद आचेवर वितळवली. चवीसाठी जिरं. सगळ्या घरात लग्नाच्या पहाटेच्या पुलावाचा वास. मुहाय्यो दारातून बघत होती. म्हणाली, "हे कोणी छातीत ओढणार आहे?" म्हटलं, हो. म्हणाली, "अहो, कढईतला धूर चुकून नाकात गेला तरी मी दिवसभर खोकते." तिला धूर आणि वाफ यांतला फरक समजावून सांगितला. तिने कढई माझ्यासमोर घासली, मुद्दाम जोरात.

१ ऑक्टोबर
अडचण: चरबी ग्लिसरीनमध्ये मिसळत नाही. वर तरंगते. उपाय: बाटलीवर चिठ्ठी, 'हलवून ओढावे'.

३ ऑक्टोबर
अडचण: सकाळी गारवा असतो, चरबी थिजते. उपाय: सैदोलिमने बाटली टोपीखाली, डोक्यावर ठेवायची. शरीराची ऊब फुकट असते. आज तो तशीच टोपी घालून बाजारात गेला. नुमोनने विचारलं म्हणे, "सैदोलिम, अंडं उबवतोयस का?" सैदोलिमने टोपी आणखी घट्ट केली. माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस असा असतो.

त्याला बाटलीत काय आहे ते सांगितलेलं नाही. नुसतं 'छातीचं खास' म्हटलं. कारागिराने सगळं सांगितलं की रोगी स्वतःच कारागीर होतो.

८ ऑक्टोबर, रविवार
खोकला वाढला. शुभचिन्ह. जुना कफ सुटतो आहे.

११ ऑक्टोबर
सैदोलिम सकाळी माझ्या दारात आला, चौकटीला धरून उभा. म्हणाला, "यार, छातीत ओल्या कापसासारखं वाटतंय. थांबवू का?" आजवरच्या प्रयोगात हाच क्षण कसोटीचा! कच्चा माणूस इथे थांबतो. मी म्हटलं, "सैदोलिम, अकरा दिवस राहिलेत. आता सोडलंस तर सगळं वाया. दिवसाला सहाऐवजी दहा वेळा ओढ." तो म्हणाला, "तू म्हणतोस तर." आणि गेला. जिना उतरताना दोनदा थांबला. आमच्या जिन्याला पाचच पायऱ्या आहेत.

१५ ऑक्टोबर
दुकानात तोलिब-अकांनी विचारलं, "जावईबुवा, ग्लिसरीनच्या बाटल्या कुठे उडून जातात हो?" मी म्हटलं, उन्हाळ्यात बाष्पीभवन. ते म्हणाले, ऑक्टोबर आहे. मी म्हटलं, उशिराचं बाष्पीभवन. मोठ्या माणसांना शास्त्र सोपं करून सांगावं लागतं.

१९ ऑक्टोबर
सैदोलिम दिवसभर झोपून आहे. होसियत म्हणाली, ताप आहे. लग्नघरात कामं असतातच, दमला असेल. मी नवी बाटली देऊन आलो. टोपी उशाशीच होती, बाटली तिच्यात नीट ठेवली.

२२ ऑक्टोबर, रविवार. लग्न
सविस्तर लिहितो, कारण लोक याबद्दल काहीबाही बोलणार.

वराकडची मंडळी दुपारी आली. त्यांचा कर्णेवाला तरणाबांड, गालांत नुसती हवा. दुर्दोना दारात आली, सैदोलिम खाटेवरून उठला. पांढरा शर्ट, अंगात राहत नव्हता. म्हणाला, "आधी मी." सगळी गल्ली थांबली. दुर्दोना गाडीच्या दाराला हात लावून उभी. मी पुढे जाऊन उभा राहिलो, लोकांना दिसेल असा.

त्याने कर्णा आभाळाकडे उचलला आणि फुंकला.

आवाज आला नाही असं म्हणता येणार नाही. आला. फुग्याचं तोंड सुटल्यावर येतो तसला. वराकडचा एकजण ओरडला, "काका, आत उंदीर अडकलाय का?" ते हसले. सैदोलिमने पुन्हा फुंकला. या वेळी काहीच नाही, नुसता खोकला, पितळेतून मोठा होऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाणारा. खोकला थांबेना. कर्ण्याचं टोक मातीत टेकलं, मग तो टेकला. दुर्दोना धावत परत आली, तर सासूने तिचा दंड धरला, की निघालेली मुलगी उंबऱ्याकडे वळत नसते. मग तरण्याने वाजवायला सुरुवात केली. खोकला त्यात बुडाला. गाडी गेली.

निदान: हवा दमट होती. शिवाय सैदोलिमने घाईत बाटली हलवली नसावी.

२३ ऑक्टोबर
त्याला इस्पितळात नेलं. न्यूमोनिया म्हणतात. म्हणजे जंतू. जंतू माझ्या बाटलीत असूच शकत नाहीत, मी बाटल्या उकळतो.

२५ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२
होसियत दुकानात आली. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं आणि मागे तोलिब-अका हिशेबाच्या वहीत डोकं घालून, कान मात्र बाहेर.

ती म्हणाली, "इसोमिद्दीन-अका, डॉक्टर विचारतायत, यांनी काही ओढलं का. छातीच्या फोटोत काहीतरी वेगळं दिसतंय म्हणे. मी व्हेपचं सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय होतं ते नेमकं कळलं तर औषध बदलता येईल. काय होतं त्यात? खरं सांगा, मी कोणाला बोल लावायला आले नाही."

तोलिब-अकांचं पान उलटायचं थांबलं.

मी म्हटलं, "गुलाबपाणी आणि ग्लिसरीन."

ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. तिच्याजवळ कागद नव्हता. तिने काउंटरवरचं पेन घेतलं आणि तळहातावर लिहून घेतलं. मी एक अक्षर दुरुस्तही केलं.

जाताना तिने अँटिबायोटिक इंजेक्शनांची चिठ्ठी दिली. मी स्वतः मोजून पिशवीत घातली. चांगल्या कंपनीची, दुकानात होती त्यातली सगळ्यात चांगली.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळी ६
विचार केला. माझं काही चुकलं नाही. गुलाबपाणी तुळशीच्या बाटलीत खरोखरच होतं, दोन थेंब. आणि डॉक्टर शिकलेले असतात. एवढी यंत्रं असताना त्यांना एका औषधवाल्याच्या तोंडाकडे बघावं लागत असेल तर मग शिकून काय मिळवलं? शिवाय नाव खराब झालं की माझे बाकीचे अर्कही मातीत जातील. डाळिंबाचं काम चांगलं चाललं आहे.

२६ ऑक्टोबर
जेवलो नाही. पुलाव होता.

२७ ऑक्टोबर
सैदोलिमला ऑक्सिजन लावला आहे. होसियत आणखी इंजेक्शनं घेऊन गेली. तिच्या तळहातावर शाई अजून पुसट दिसत होती. मी दुसरीकडे बघून पिशवी दिली.

उद्या जाऊन डॉक्टरला खाजगीत सांगावं का? विचाराधीन.

२८ ऑक्टोबर
नाही गेलो. शनिवारी गर्दी असते.

२९ ऑक्टोबर, रविवार
घरभेदीपणा! मुहाय्यो मला न विचारता इस्पितळात गेली. सोबत कढई घेऊन. फडक्यात बांधून. डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "यात वितळवली. दुंब्याची चरबी आणि जिरं. तीन आठवडे, दिवसाला दहा वेळा." डॉक्टरांनी म्हणे कढईला नाक लावलं. मग इंजेक्शनं बंद केली, दुसरं काहीतरी सुरू केलं. नळीने छाती धुणार आहेत. चार दिवस वाया गेले, असं ते होसियतला म्हणाले. चार हा आकडा त्यांनी कुठून काढला मला ठाऊक नाही.

मुहाय्योला विचारलं, नवऱ्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का? ती कपाटातून कपडे काढत होती. म्हणाली, "सैदोलिमची बायको तळहात धुवत नव्हती हो. मला म्हणाली, इसोमिद्दीन-अकांनी सांगितलंय ते, पुसलं तर विसरेन."

ती भावाकडे गेली आहे. कढई तिने इस्पितळातच ठेवली.

३० ऑक्टोबर
तोलिब-अकांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "जावईबुवा, उद्यापासून काउंटरवर नको. मागे गोदामात खोकी रचायची. आणि कोणी गिऱ्हाईक चुकून मागे आलं, काही विचारलं, तर तोंड उघडायचं नाही. डोकं दुखतंय म्हणाला तरी नाही." म्हणजे साठ्याची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आली. खरं तर दुकानाचा कणा तोच.

५ नोव्हेंबर
गप आज सकाळी माझ्याकडे होती. तांदूळ धुतले, गाजरं चिरली. मुहाय्यो नाही म्हणून सगळं एकट्याने. कोणी आलं नाही. दिवस विसरले असतील. चार किलोचा पुलाव. शेजाऱ्यांकडे ताट पाठवलं तर म्हणाले, नको, आमचं झालं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

१२ नोव्हेंबर
सैदोलिम घरी आला. कळलं, एक फुप्फुस जवळपास कामातून गेलं. कर्णा यापुढे नाही. चालणं बेताचं. हे डॉक्टर म्हणतात, आणि डॉक्टरांचं काय ते आपण पाहिलंच.

भेटायला जायला हवं. त्याने पोलिसांत काही सांगितलं नाही, म्हणजे मनात किल्मिष नाही. मैत्री म्हणतात ती हीच. आठवडाभराने जाईन, म्हणजे त्याला बरं वाटत असेल.

१९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३
गेलो होतो. खिशात डाळिंबाची बाटली. चरबी अजिबात नाही, साखर तिप्पट गाळून काढलेली. वाटलं होतं, विश्वास परत मिळवायला याहून चांगलं काय.

होसियतने दार उघडलं आणि बाजूला झाली. आत सैदोलिम गादीवर, पाठीशी तीन उशा. त्याच्याजवळ नुमोन बसलेला. कर्णा भिंतीवर नव्हता, नुसते दोन खिळे.

मी बसलो. तब्येत विचारली. हवा विचारली. दुर्दोनाचं विचारलं. नुमोन जमिनीकडे बघत होता. सैदोलिमला एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागतं, हे नुमोनशी तो बोलला तेव्हा कळलं. माझ्यासाठी त्याने एकही शब्द खर्च केला नाही. बाटली बाहेर काढावी म्हणून खिशात हात घातला, तेवढ्यात त्याने चहाची किटली उचलली.

होसियत घ्यायला पुढे आली, तिला घेऊ दिली नाही. स्वतः ओतली. माझी प्याली काठोकाठ भरली, इतकी की वर चहाचा फुगवटा आला.

आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला तळाशी दोन घोट ओततात. ते संपले की पुन्हा दोन, म्हणजे त्याने बसावं, बोलावं, आपल्याला ओतत राहता यावं. काठोकाठ भरलेल्या प्यालीचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ही पी आणि ऊठ.

मला वाटलं, त्याला दम लागतो, म्हणून एकदाच ओतून मोकळा झाला असेल. आजारी माणसाच्या हाताचा अंदाज चुकतो.

मग त्याने नुमोनच्या प्यालीत ओतली. दोन घोट.

मला इतकी लाज वाटली की प्याली धरलेली बोटं पोळतायत हे नंतर कळलं. चहा फार गरम होता. तरी सगळा प्यायलो आणि उठलो. कोणी बस म्हणालं नाही.